जाते की जातो? भाषा आणि लिंगभाव यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषेचा विषय निघाला की थोड्याच वेळात गाडी 'बायका कशा बोलतात' यावर येते. पुरुष कसे बोलतात हे सहसा कुणी विचारत नाही. ते म्हणजे नुसतं बोलणं, असं गृहीत असतं. खालचे प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवले आहेत. त्यांतला खोचकपणाही काढलेला नाही.

बायका पुरुषांपेक्षा जास्त बोलतात, हे तरी खरं ना?

२००६ साली एका अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांच्या पुस्तकातून एक आकडा जगभर फिरला: बाई दिवसाला २०,००० शब्द बोलते आणि पुरुष ७,०००. हा आकडा कुणी मोजून काढलेला नव्हता. पुढच्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ मथायस मेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजणी छापली. त्यांनी ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर एक लहानसं यंत्र लावलं. ते दिवसभर अधूनमधून आपोआप सुरू होऊन आवाज टिपायचं. मुलींची सरासरी निघाली १६,२१५ शब्द आणि मुलांची १५,६६९. एवढ्या फरकावरून काहीच सिद्ध होत नाही.

२०२५ साली याच पद्धतीची मोठी फेरमोजणी आली, चार देशांतल्या २,१९७ माणसांची. तिच्यात २५ ते ६४ या वयोगटातल्या स्त्रिया दिवसाला सुमारे ३,००० शब्दांनी पुढे निघाल्या. त्याहून लहान किंवा मोठ्या वयात स्पष्ट फरक दिसला नाही. मधल्या वयातच असं का? मुलांना वाढवताना जे बोलावं लागतं ते एक कारण असू शकेल, असा संशोधकांचा अंदाज आहे. मला त्या अभ्यासातला दुसराच आकडा जास्त बोलका वाटला. दिवसाला शंभर शब्दही न बोलणारी माणसं त्यात होती आणि एक लाखाच्या पुढे जाणारीही होती. या दरीपुढे स्त्री-पुरुषांच्या सरासरीतला फरक म्हणजे ओहोळ.

आता जागा बदलून पाहा. घराऐवजी सभा, बैठक, चर्चासत्र. कार्पोविट्झ आणि मेंडेलबर्ग या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी २०१२ साली पाच-पाच जणांचे गट करून त्यांना निर्णय घ्यायला बसवलं. गटात स्त्रिया कमी असल्या की त्या आपल्या संख्येच्या मानानेही कमी बोलल्या. पण बहुमताऐवजी एकमताने निर्णय घ्या, अशी अट घातली तेव्हा ही तफावत जवळपास नाहीशी झाली. माणसं तीच होती, नियम तेवढा बदलला.

'लिंग' म्हणायचं की 'लिंगभाव'?

देहाबद्दल बोलायचं तर लिंग. समाजाने त्या देहाला लावून दिलेल्या वागण्याबोलण्याच्या अपेक्षांबद्दल बोलायचं तर लिंगभाव. मराठीत भर म्हणून तिसरं एक 'लिंग' व्याकरणात बसलेलं आहे, आणि त्याचा पहिल्या दोघांशी संबंध कधी असतो, कधी नसतो. खुर्ची स्त्रीलिंगी का आणि टेबल नपुंसकलिंगी का, याचं उत्तर त्या फर्निचरच्या स्वभावात शोधू नये.

स्त्रियांची आणि पुरुषांची भाषाच वेगळी असते, असं कुठे आहे का?

आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या यान्युवा भाषेत स्त्रिया आणि पुरुष शब्दांना वेगवेगळे प्रत्यय लावतात. लहानपणी मुलगे आईची, म्हणजे स्त्रियांची बोली बोलतात. दीक्षाविधी झाला की त्यांनी पुरुषांच्या बोलीत बोलायचं असतं. सैबेरियाच्या टोकाच्या चुकची भाषेत पुरुष जिथे 'र' म्हणत तिथे स्त्रिया 'त्स'सारखा उच्चार करत. अमेरिकेतल्या कोआसाती भाषेत क्रियापदांची काही रूपं स्त्रियांची वेगळी आणि पुरुषांची वेगळी होती. मेरी हास यांनी १९४४ साली ती नोंदवली तेव्हा स्त्रियांची रूपं प्रौढ आणि म्हाताऱ्या बायकांच्याच तोंडी उरली होती. तरुण मुली पुरुषांची रूपं वापरू लागल्या होत्या.

कॅरिबियन बेटांवरचं उदाहरण सतराव्या शतकात युरोपीय मिशनऱ्यांना फार चमत्कारिक वाटलं होतं. तिथल्या पुरुषांच्या बोलण्यात कॅरिब लोकांच्या शब्दांचा भरणा, तर स्त्रियांच्या बोलण्यात अरावाक या दुसऱ्या लोकांच्या शब्दांचा. कॅरिब योद्ध्यांनी बेटं जिंकून तिथल्या स्त्रिया ठेवून घेतल्या आणि त्यातून हे झालं, अशी दंतकथा सांगतात. या भाषेचा वंश आजच्या गारिफुना भाषेत चालू आहे, आणि अशा जोड्यांपैकी थोड्याच तिच्यात शिल्लक आहेत.

दक्षिण आफ्रिकेतली 'ह्लोनिफा' ही रीत वेगळ्या जातीची आहे. झुलू आणि खोसा समाजांत लग्न झालेल्या बाईने सासऱ्याच्या नावात येणारी अक्षरंसुद्धा इतर शब्दांत उच्चारायची नाहीत. म्हणजे रोजचा एखादा शब्द त्या नावासारखा वाजला की त्याला पर्याय शोधायचा. बायका गप्प बसल्या नाहीत, त्यांनी एक समांतर शब्दसंग्रहच तयार केला.

तरीही ही उदाहरणं अपवादाची आहेत. बहुतेक भाषांत फरक प्रमाणाचा असतो. तेच शब्द आणि तेच उच्चार दोघांकडे असतात, फक्त कुणी कमी वापरतं, कुणी जास्त.

मग संस्कृत नाटकांत राजा संस्कृत आणि राणी प्राकृत का बोलते?

हा प्रश्न आला की उत्तर हमखास लांबतं, कारण यात सगळ्या विषयाची मेख आहे. वरवर पाहता वाटणी सरळ दिसते. उच्च कुळातले पुरुष संस्कृत बोलतात. स्त्रिया प्राकृतात, म्हणजे संवादात शौरसेनी प्राकृतात बोलतात आणि गाताना महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीत.

पण जरा बारकाईने पाहा. विदूषक पुरुष आहे, ब्राह्मण आहे, राजाचा मित्र आहे, तरी तो प्राकृतातच बोलतो. नोकर-चाकर आणि शिपाई पुरुष असूनही प्राकृतात बोलतात. उलट कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'तली परिव्राजिका, म्हणजे संन्यासिनी, कौशिकी स्त्री असून संस्कृत बोलते, कारण ती विदुषी आहे. राणीने आणि गणिकेने प्रसंगी संस्कृत बोलायला नाट्यशास्त्राचीही मुभा आहे. तेव्हा ही वाटणी बाई आणि बुवा अशी नव्हतीच. अधिकार कुणाकडे आणि शिक्षण कुणाकडे, अशी होती. बहुतेक स्त्रिया त्या रेषेच्या खाली होत्या, म्हणून ती रेषा स्त्री-पुरुषांमधली वाटते.

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढच्या बऱ्याच प्रश्नांत ती वेष बदलून येणार आहे.

मराठी बोलताना आपण आपलं लिंग किती वेळा सांगतो?

सतत, आणि तरीही मोठ्या मजेशीर फटी ठेवून. 'मी जातो' आणि 'मी जाते', 'तू आलास' आणि 'तू आलीस'. इंग्रजीत किंवा बंगालीत माणूस जन्मभर बोलला तरी क्रियापदातून त्याचं लिंग कळत नाही. मराठीत पहिल्या वाक्यात कळतं.

पण अनेकवचनात ते गायब होतं. 'आम्ही जातो', 'आम्ही आलो' हे बायकाही म्हणतात आणि पुरुषही. म्हणजे एकटी निघाली तर 'जाते' आणि मैत्रिणींबरोबर निघाली तर 'जातो'. आदरानेही तेच होतं. 'तू जातेस' म्हणताना समोरची व्यक्ती बाई आहे हे सांगावं लागतं, 'तुम्ही जाता' म्हणताना लागत नाही. भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. 'मी पत्र लिहिलं' यात पत्राचं लिंग आहे, लिहिणाऱ्याचं नाही.

बाई आणि पुरुष एकत्र आले तर? अनेक भाषांत शंभर बायकांत एक पुरुष मिसळला की सगळा जथा पुल्लिंगी होतो. मराठीत 'दोघे' हे पुरुष, 'दोघी' या बायका, आणि एक बाई नि एक पुरुष असतील तर 'ती दोघं आली'. नपुंसकलिंग! व्याकरणाने काढलेली ही तडजोड मला फार आवडते. अर्थात 'आई-बाबा आले' म्हणताना आपण ती गुंडाळून ठेवतो, ते सोडा.

आणि हे सगळं दगडावरची रेघ नाही. कोल्हापूर भागातल्या कितीतरी स्त्रिया 'मी आलो', 'मी जातो' असं सहज म्हणतात आणि त्यांचं बाईपण तसूभरही कमी होत नाही. शेजारच्या कोंकणीत मुलीसाठी 'चेडूं' हा शब्द नपुंसकलिंगी आहे आणि तरुण मुलीला 'तें' म्हणतात. दिवसभर आईजवळ असलेला दोन वर्षांचा मुलगा 'मी खाते' म्हणतो, तेव्हा घरातले हसतात आणि सुधारतात. त्याची चूक नसते. 'मी' या शब्दाशेजारी त्याने आईचंच क्रियापद ऐकलेलं असतं.

व्याकरणातल्या लिंगामुळे विचारही तसेच होतात का?

हे फार रंगवून सांगितलं जातं. जर्मनमध्ये पूल स्त्रीलिंगी म्हणून जर्मन लोकांना तो नाजूक वाटतो, स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी म्हणून तिथल्या लोकांना दणकट, असा एक प्रयोग खूप गाजला. २०१४ साली तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसं काही आढळलं नाही. माझ्या मते तूर्त या गोष्टीला गोष्टच समजावं.

व्यक्तींबद्दलच्या शब्दांचं मात्र वेगळं आहे. त्यासाठी पुढचा 'अध्यक्ष की अध्यक्षा?' हा प्रश्न पाहा.

'बायकी भाषा' अशी काही असते का?

डॅनिश भाषापंडित ओटो येस्पर्सन यांनी १९२२ साली आपल्या ग्रंथात 'स्त्री' या विषयाला एक अख्खं प्रकरण दिलं. पुरुषाला प्रकरण नव्हतं. बायकांचा शब्दसंग्रह लहान असतो, त्या वाक्यं अर्धवट सोडतात, 'फारच', 'इतकं' असे शब्द उधळतात, अशी त्यांची निरीक्षणं होती. ही मोजणी नव्हती. भोवतालच्या मंडळींत चालणारा समज होता, तो पंडिती पोशाखात आला.

१९७३ साली अमेरिकेत भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफ यांनी हाच विषय उलट बाजूने मांडला. 'बहुतेक', 'जरासं', 'मला आपलं वाटतं' अशी सावध पेरणी, वाक्याच्या शेवटी 'हो ना?', 'नाही का?', रंगांच्या सतराशे साठ छटा, शिव्या टाळणं, अतिनम्रता. मुलींना असं बोलायला शिकवलं जातं आणि मग असं बोलतात म्हणून त्यांना कुणी गंभीरपणे घेत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. बाई अशी बोलली तर पोरकट आणि अशी बोलली नाही तर बाईसारखी नाही. दोन्हीकडून कोंडी.

पण हे खरोखर बायकाच करतात का? ओबार आणि अॅटकिन्स यांनी अमेरिकेतल्या न्यायालयांत साक्षीदारांची बोलणी तपासली आणि १९८० साली निष्कर्ष छापला. लेकॉफ यांच्या यादीतल्या लकबी कोर्टाची सवय नसलेल्या, खालच्या थरातल्या पुरुषांतही भरपूर सापडल्या. तज्ज्ञ म्हणून आलेल्या स्त्रियांत त्या फारच कमी होत्या. म्हणून त्यांनी नाव सुचवलं 'सत्ता नसलेल्यांची भाषा'. एकच साक्ष दोन शैलींत लोकांना ऐकवण्याचे प्रयोगही झाले. सावध, डळमळीत शैलीतल्या साक्षीवर विश्वास कमी बसला, मग साक्षीदार बाई असो वा पुरुष. इथे तुम्हाला विदूषक आठवला पाहिजे.

आणखी एक. 'हो ना?' हे नेहमी बिचकण्याचं लक्षण नसतं. न्यूझीलंडच्या जॅनेट होम्स यांनी असे शेपटीचे प्रश्न वेगवेगळे करून पाहिले. खात्री नसताना विचारलेला 'हो ना?' वेगळा आणि दुसऱ्याला बोलतं करण्यासाठी पुढे केलेला वेगळा. त्यांच्या नोंदींत पहिला प्रकार पुरुषांकडे जास्त आणि दुसरा स्त्रियांकडे जास्त निघाला. शिक्षक, मुलाखत घेणारे, चर्चा चालवणारे हा दुसरा 'हो ना?' सर्रास वापरतात आणि त्यांना कुणी डळमळीत म्हणत नाही.

मराठीत काही खास बायकांचे शब्द आहेत ना? 'अय्या', 'इश्श'?

आहेत, निदान होते. आज 'इश्श' ऐकू येतं ते बहुधा थट्टेत. शब्द एखाद्या गटाची खूण ठरला की दुसऱ्या गटाला ती खूण नकलेसाठी वापरता येते, आणि मूळ गट हळूहळू शब्द टाकून देतो. शिव्यांचा प्रवास उलट दिशेने चालू आहे. पूर्वी फक्त मुलग्यांच्या तोंडी चालणारे 'च्यायला'सारखे शब्द मुली बिनदिक्कत वापरतात आणि एकमेकींना 'अरे' म्हणून हाक मारतात. 'अगं' आणि 'अरे' यांत बोलणाऱ्याचं लिंग नसतंच, ऐकणाऱ्याचं असतं. मुलींनी एकमेकींना 'अरे' म्हणायला लागल्यापासून तेही पुसट होत चाललं आहे.

पुरुष मध्येच बोलणं तोडतात, याला काही पुरावा?

झिमरमन आणि वेस्ट यांचा १९७५ सालचा अभ्यास सगळे सांगतात. बाई-पुरुषांच्या अकरा संभाषणांत ४८ वेळा बोलणं तोडलं गेलं आणि त्यांपैकी ४६ वेळा तोडणारा पुरुष होता. आकडा जबरदस्त आहे, पण संभाषणं अकराच. एखाद-दुसरा वाचाळ माणूस असला तरी चित्र बदलतं, असा आक्षेप लवकरच आला. पुढे १९९८ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा फरक उरला, पण लहान. शिवाय मध्ये बोलणं म्हणजे दर वेळी तोडणं नव्हे. 'हो हो, अगदी' म्हणत वाक्यावर वाक्य चढवणं हा उत्साहही असतो.

मला १९७० च्या दशकातलंच पामेला फिशमन यांचं काम जास्त मोलाचं वाटतं. त्यांनी तीन जोडप्यांच्या घरी ध्वनिमुद्रक ठेवला आणि ५२ तासांचं साधं घरगुती बोलणं तपासलं. विषय काढले ७६. त्यांतले ४७ बायकांनी काढले आणि त्यांपैकी १७ पुढे चालले. पुरुषांनी २९ काढले, चालले २८. फरक विषयांत नव्हताच. पुरुषाने विषय काढला की बाई प्रश्न विचारून, 'मग?' म्हणून तो पुढे न्यायची. बाईने काढला की समोरून 'हं' यायचं, तेही उशिरा. प्रश्न विचारण्यात बायका पुरुषांच्या अडीचपट होत्या. संभाषण आपोआप चालत नाही, कुणीतरी ते ढकलत असतं, आणि ढकलणाऱ्याची गणना कष्टात होत नाही. जोडपी तीनच आहेत हे मान्य. पण एकदा हे वाचलं की जेवणाच्या टेबलावरचं 'हं' पूर्वीसारखं ऐकू येत नाही.

बायका जात्याच जास्त नम्र बोलतात का?

मग मादागास्करला काय म्हणायचं? तिथल्या एका गावात एलिनॉर कीनन यांनी १९७० च्या सुमारास काम केलं. आडवळणाने, कुणाचा उपमर्द होऊ न देता बोलणं ही तिथे पुरुषांची कला. औपचारिक भाषणं तेच करत. स्त्रिया तोंडावर बोलत, घासाघीस करत, रागावत. आणि म्हणून स्त्रियांना नीट बोलता येत नाही, असं गावाचं मत होतं. इतरत्र बाई आडवळणाने बोलते म्हणून तिचं बोलणं हलकं, इथे सरळ बोलते म्हणून हलकं. शैली अगदी उलटी, निकाल तोच. पुरुष थेट बोलायला कचरत तेव्हा ते कामही बायकांवरच सोपवलं जाई, हे आणखी एक.

मेक्सिकोतल्या त्सेल्ताल भाषिक समाजात पेनेलोप ब्राउन यांना स्त्रिया नम्रतेचे शब्द खूप जास्त वापरताना आढळल्या. पण त्याच स्त्रिया न्यायनिवाड्यात समोरासमोर आल्या की तेच नम्र शब्द उपरोधाची सुरी करून वापरत. नम्रता त्यांच्या स्वभावात नव्हती, हाताशी होती.

शुद्ध भाषा बायका जास्त बोलतात म्हणतात. आणि तरुण मुली भाषा बिघडवतात असंही म्हणतात. नक्की काय?

दोन्ही निरीक्षणांत तथ्य आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी या विसंगतीला नावच दिलं, लिंगभावाचा विरोधाभास. जिथे प्रमाण रूप कोणतं हे सगळ्यांना माहीत असतं तिथे स्त्रिया प्रमाण रूपाकडे झुकतात. जिथे नवा बदल नकळत रुजत असतो तिथे बहुधा त्याच पुढे असतात. १४०० ते १६८० च्या दरम्यानची इंग्रजी खाजगी पत्रं तपासली तर बरेचसे बदल स्त्रियांच्या पत्रांत आधी दिसतात. क्रियापदाचा '-थ' जाऊन '-स' आला तो त्यांच्याकडे आधी. मात्र दुहेरी नकार, म्हणजे एकाच वाक्यात दोनदा 'नाही', पुरुषांनी आधी सोडला. तो बदल शिक्षणाबरोबर आलेला आणि शिक्षण पुरुषांना मिळत होतं.

इंग्लंडमधल्या नॉर्विच शहरात पीटर ट्रडगिल यांना एक गंमत सापडली. स्वतःच्या बोलण्याबद्दल विचारलं तर स्त्रिया प्रत्यक्षापेक्षा जास्त प्रमाण बोलत असल्याचं सांगत आणि पुरुष प्रत्यक्षापेक्षा जास्त गावंढळ बोलत असल्याचं. पुरुषांच्या लेखी रांगड्या बोलीला एक छुपी प्रतिष्ठा होती.

कारणं मात्र गावागणिक बदलतात. ऑस्ट्रियातल्या ओबरवार्ट गावात पिढ्यान्पिढ्या हंगेरियन आणि जर्मन दोन्ही बोलल्या जात. सुझन गॅल यांनी १९७० च्या दशकात पाहिलं की हंगेरियन सोडून जर्मनकडे जाण्यात तरुण मुली सर्वांत पुढे आहेत. हंगेरियन म्हणजे शेती, आणि शेतकऱ्याची बायको म्हणजे मरेस्तोवर कष्ट. जर्मन म्हणजे कारखाना, पगार, मोकळीक. मुली भाषा निवडत नव्हत्या, आयुष्य निवडत होत्या. शेतकरी मुलांना मग गावात बायको मिळेना.

'बिघडवणं' या शब्दाबद्दल जपानकडे पाहावं. तिथे स्त्रियांच्या भाषेचा म्हणून वाक्याच्या शेवटी येणाऱ्या 'वा', 'नो'सारख्या प्रत्ययांचा एक नाजूक थाट आहे, आणि तो प्राचीन परंपरेचा मानला जातो. मियाको इनोउए यांनी जुने कागद चाळले तेव्हा दिसलं की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शाळेत जाणाऱ्या मुली हे प्रत्यय वापरू लागल्या, आणि तेव्हाच्या विद्वानांनी ती उथळ, असभ्य भाषा म्हणून झोडली होती. काही दशकांत तीच भाषा आदर्श स्त्रीची खूण झाली. मग पुढच्या पिढीतल्या मुली ती सोडतात म्हणून ओरड सुरू झाली.

आवाजाचं तरी निसर्गावर सोडाल ना?

बरंचसं. वयात येताना मुलग्यांचं स्वरयंत्र मोठं होतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज उतरतो. प्रौढ पुरुषांच्या स्वरतंतूंची कंपनं ढोबळमानाने सेकंदाला १०० ते १३०, स्त्रियांची १८० ते २२०.

पण वयात येण्याआधी स्वरयंत्रात म्हणावा असा फरक नसतो, तरीही नुसत्या आवाजावरून मुलगा की मुलगी हे ऐकणारे बऱ्याचदा बरोबर ओळखतात, असं १९७३ सालीच दिसून आलं होतं. मोठेपणी कसं बोलायचं त्याची तालीम मुलं आधीच करत असतात. उलट्या दिशेचं प्रसिद्ध उदाहरण मार्गारेट थॅचर यांचं. त्यांनी शिकवणी घेऊन आवाज खाली आणला, कारण वरचा आवाज कर्कश म्हणून हिणवला जात होता. वाक्याच्या शेवटी घशात येणारी घरघर आज तरुण मुलींची वाईट खोड म्हणून गाजते. ब्रिटनमधल्या जुन्या अभ्यासांत हीच घरघर पुरुषांकडे जास्त होती, वरच्या वर्गाशी जोडलेली होती, आणि तिच्यावर कुणी लेख लिहिला नव्हता.

मुली मुलग्यांपेक्षा लवकर बोलायला लागतात का?

सरासरीने किंचित. पण मुलांच्या शब्दसंख्येतल्या एकूण तफावतीपैकी एक-दोन टक्केच मुलगा-मुलगी या भेदातून येते. उशिरा बोलणाऱ्या मुलाकडे 'मुलगा आहे, चालायचंच' म्हणून दुर्लक्ष करू नये.

पुरुष उखाळ्यापाखाळ्या काढत नाहीत, असं म्हणतात.

ते त्याला 'चर्चा' म्हणतात. डेबोरा कॅमेरॉन यांनी अमेरिकेतल्या पाच कॉलेजकुमारांचं सामना बघतानाचं बोलणं तपासलं. खेळाचे चार शब्द सोडले तर बाकी वेळ गैरहजर मुलांचे कपडे, चालणं, वागणं यांची सालटी काढणं चालू होतं, तेही एकमेकांची वाक्यं पूर्ण करत. सहकार्याची शैली बायकांची आणि स्पर्धेची पुरुषांची, ही पुस्तकी वाटणी तिथे टिकली नाही.

स्त्री किंवा पुरुष या चौकटीत न बसणारी माणसं काय करतात?

भाषेत असेल ते वापरतात. बनारसच्या हिजडा समुदायाच्या हिंदीवर किरा हॉल आणि व्हेरॉनिका ओ'डोनोवन यांनी १९९६ साली लिहिलं. आपसात, जवळिकीत स्त्रीलिंगी क्रियापद, आणि राग आला, जोर द्यायचा झाला की पुल्लिंगी. एकाच दिवसात, कधी एकाच संभाषणात दोन्ही. जी गोष्ट आपण व्याकरणाची सक्ती समजतो ती त्यांच्याकडे वाद्याच्या पट्ट्यांसारखी आहे.

स्वीडिशमध्ये 'तो' आणि 'ती' यांच्याजोडीला 'हेन' हे लिंगनिरपेक्ष सर्वनाम २०१५ साली प्रमाण शब्दकोशात आलं. शेजारच्या फिनिशमध्ये 'हॅन' हे एकच सर्वनाम पूर्वीपासून आहे. तुर्कीतही 'ओ' एकच. म्हणून त्या समाजांत आपोआप समता आली, असं मात्र समजू नये. सर्वनामं तेवढी ताकदवान नसतात.

अध्यक्ष की अध्यक्षा? लेखिका की लेखक?

नियम शोधाल तर सापडणार नाही. शिक्षिका, लेखिका, कवयित्री रुळले आहेत. डॉक्टर, वकील, न्यायाधीश यांना स्त्रीरूप फारसं कुणी लावत नाही, क्रियापद काम भागवतं: 'डॉक्टर आल्या'. २००७ साली प्रतिभा पाटील निवडून आल्या तेव्हा 'राष्ट्रपती'मधल्या 'पती'वर बराच खल झाला. शेवटी शब्द तोच राहिला आणि काही दिवसांत खटकेनासा झाला.

दोन्ही बाजूंना मुद्दा आहे. वेगळं रूप केलं की बाई दिसते, पण 'कवींमध्ये अग्रगण्य' म्हणण्याऐवजी तिला 'कवयित्रींमध्ये' मोजायची सोयही होते. एकच रूप ठेवलं तर ते खरोखर सगळ्यांचं राहतं का? फ्रेंच आणि जर्मन वाचकांवरच्या २००८ सालच्या प्रयोगात असं दिसलं की सर्वांसाठी म्हणून वापरलेल्या पुल्लिंगी अनेकवचनातून वाचकांना पुरुषच डोळ्यांपुढे येतात, अगदी ज्या पेशांत बायका जास्त असतात तिथेही. म्हणून ज्या व्यक्तीबद्दल लिहायचं तिला विचारावं, आणि गटाबद्दल लिहिताना मराठीतली फट वापरावी: 'शिकणारे' ऐवजी 'शिकणारी मुलं', 'दोघे' ऐवजी 'दोघं'.

भाषांतर करणाऱ्या यंत्रांनाही हा भेद कळतो का?

कळत नाही, पण ती शिकतात. तुर्कीतल्या 'ओ' चं इंग्रजी करताना यंत्र डॉक्टरला 'तो' आणि परिचारिकेला 'ती' करून टाकायचं. मूळ वाक्यात दोन्ही नव्हतं. यंत्राने ते आपल्याच लिहिण्यातून उचललेलं. २०१८ पासून गूगलने काही भाषांसाठी दोन्ही रूपं दाखवायला सुरुवात केली. बोलणाऱ्या मदतनीस यंत्रांचंही तसंच. २०११ साली ॲपलची सिरी आली तेव्हा अमेरिकेत तिचा आवाज बाईचा होता आणि ब्रिटनमध्ये पुरुषाचा.

हे पान बाईने लिहिलं आहे की पुरुषाने?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून शेवटी ठेवला आहे. वर जाऊन तपासा. 'मला वाटतं' आहे, 'माझ्या मते' आहे, 'मला आवडते' आहे, पण ती तडजोड आवडते, बोलणारी व्यक्ती त्या वाक्यात कुठेच नाही. पहिल्या खर्ड्यात दोन ठिकाणी क्रियापदाने चहाडी केली होती. ती वाक्यं मोडून पुन्हा लिहावी लागली. एवढं लांब मराठी लिहिताना 'मी' चं वर्तमानकाळी क्रियापद टाळणं ही चांगलीच कसरत आहे, करून पाहा.

वाचताना तुमच्या मनात एक आवाज आलाच असेल, बाईचा किंवा पुरुषाचा. तो कोणत्या वाक्यापाशी पक्का झाला? जेवणाच्या टेबलावरच्या 'हं'पाशी, की आकड्यांवर आक्षेप घेतले तिथे?